मिठाचा पुडा किती दिवसांत संपतो?

बीपीची गोळी घ्यायला माझ्या मेडिकलवर येणाऱ्या कुणालाही विचारा, मीठ कमी केलं का? उत्तर ठरलेलं. "केलं की, वरून मीठ घेणं तर कवाच बंद केलंय." आणि ते खरंच असतं, लोक खोटं बोलत नाहीत, ताटात कडेला मीठ वाढायची पद्धत बऱ्याच घरांतून गेलीच आहे आता, डॉक्टरांचं एवढं एक वाक्य आमच्या लातूरकडच्या लोकांनी मनापासून ऐकलंय. अडचण अशी की ती वरची चिमूट म्हणजे दिवसभराच्या मिठातला किरकोळ भाग. खरं मीठ वरणात असतं, पिठल्यात असतं, ठेच्यात असतं, लोणच्याच्या खारात असतं, आणि ते गोळी खाणाऱ्याच्या हातात नसतंच, मिठाचा डबा ज्याच्या हाताशी आहे त्याच्या हातात असतं. म्हणून मी हल्ली वेगळंच विचारतो. घरात खाणारी माणसं किती, आणि मिठाचा किलोचा पुडा किती दिवस जातो?

हिशोब सोपाय, सातवीतल्या पोराला पण येईल. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा छोटा चमचा सपाट भरून, आणि त्यात सगळं आलं बरं का, भाजीतलं, लोणच्यातलं, फरसाणातलं, बिस्किटातलं सुद्धा. घरात पाच मोठी माणसं असली तर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा ४० दिवस जायला पाहिजे. बाहेरचं खाणं धरलं तर अजून जास्त. आता काउंटरवर उत्तरं काय येतात, तर "महिन्याला दोन पुडे लागतात", नायतर "मोजलंच नाही कधी, संपला की आणायचा". पाच माणसांत महिन्याला दोन किलो म्हणजे माणशी दिवसाला तेरा ग्रॅमच्या पुढं गेलं. त्यातलं थोडं म्हशीच्या पेंडीत जातं, थोडं गुळण्या करायला, थोडं पावसाळ्यात डब्याला पाणी सुटलं म्हणून फेकलं जातं, हे मान्य, पण सगळं वजा करून सुद्धा ५ वर काय येत नाही. आणि हे फक्त आपल्याकडंच आहे असं पण नाही, आयसीएमआर म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७-१८ च्या देशभराच्या सर्व्हेत लघवीच्या तपासणीवरून अंदाज काढला तर सरासरी ८ ग्रॅम निघाली, पुरुष ८.९ आणि बाया ७.१. जगाची सरासरी तर १० च्या वर सांगतात. म्हणजे सगळे जास्तच खातेत, कुणी दीडपट कुणी दुप्पट.

पुड्याचा प्रश्न विचारल्यावर एक गंमत होते ती सांगतो. पुरुष माणूस आला असेल तर त्याला उत्तरच येत नाही. एक मामा आहेत, नेहमीचे, दर महिन्याला मोटारसायकलवर मामींना घेऊन बाजाराला येतात तेव्हा गोळ्या नेतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी तर आळणीच खाऊलालोय की." मागं मामी उभ्या होत्या पिशवी घेऊन, त्या लगेच म्हणल्या, "आळणी? परवा वरणात मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलं की तुमी." मामा गप. मग मामींनीच सांगितलं, तीन आठवडे पण जात नाही पुडा, चार माणसं. आता बघा, दवाखान्यात डॉक्टरांसमोर खुर्चीवर बसतात मामा, मीठ कमी करा हे ऐकतात मामा, आणि डबा उघडतात मामी, ज्यांना ते वाक्य कुणी सांगितलंच नाही, त्यांना फक्त घरी येऊन "मला मीठ कमी टाकत जा" एवढा हुकूम झाला आणि तसं टाकलं की ताट सरकवलं गेलं. (मामींचं स्वतःचं बीपी कधी मोजलंय का विचारलं तर, मला काय होतंय, असं हसून सांगितलं. हे पण ठरलेलंच उत्तर. आशाताई तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरायला घरोघर फिरतात, तेव्हा तरी बायांनी मशीनला हात लावू द्यावा.)

मीठ हातात किती येतं हे आपल्या घरी एकदा बघितलं. आमच्या वहिनी ठेचा तव्यावरच करतात, हिरव्या मिरच्या तेलावर चांगल्या डाग पडेपर्यंत भाजायच्या, लसूण टाकायचा, भाजलेले शेंगदाणे, आणि मग तांब्याच्या बुडानं तव्यातच रगडायचं. मीठ जाडं, कारण जाड्या मिठानं मिरची लवकर रगडली जाते. मी शेजारच्या किराणा दुकानातला छोटा काटा आणून ठेवला होता, वहिनींनी मूठ उघडून मीठ आधी काट्यावरच्या कागदावर टाकलं, १४ ग्रॅम. त्यांना वाटलेलं चमचाभर असेल. ते रगडून झाल्यावर चव घेतली आणि अजून एक चिमूट टाकली, तिला काट्यानं काय दाद दिली नाही म्हणून सोडून दिली. आता तो ठेचा घरातली पाच माणसं दोन वेळेला खाणार, म्हणजे नुसत्या ठेच्यातून माणशी पावणेतीन ग्रॅम, दिवसाच्या वाट्यातला अर्ध्याहून जास्त. आणि ठेचा काय एकटा येत नाही ताटात.

लोणच्याचं तर विचारूच नका. किलोभर कैरीला पाव किलोच्या जवळ मीठ पडतं आमच्याकडं, त्याशिवाय ते वर्षभर टिकणार पण नाही. खारासकट एक मोठी फोड म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास मीठ धरून चाला. पापड, कुरडया, सांडगे, भरड्याचे वडे, यात मीठ पण आणि पापडखार पण, आणि पापडखार, खायचा सोडा हे सुद्धा सोडियमच आहे, मीठ नसलं म्हणून काय झालं. सोड्याच्या एका छोट्या चमच्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, म्हणजे तीन ग्रॅम मिठाच्या बरोबरीचं. नाश्त्याला सुशीला करतो आपण, तर मुरमुरे आधीच खारे असतात, त्यावर परत मीठ. आमटीचा येसर मसाला घरात करून ठेवतो त्यात मीठ असतं, आणि आमटी करताना ते विसरून वेगळं मीठ पडतं.

पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे आणि ती कुणी सांगत नाही. भाकरी. ज्वारीच्या भाकरीत आपण मीठ टाकत नाही. युरोप अमेरिकेत लोकांच्या पोटात जाणाऱ्या मिठातलं बहुतांश पाकिटातून आणि हॉटेलातून येतं, त्यात ब्रेडचा वाटा मोठा, तिथं माणसानं ठरवलं तरी कमी करणं अवघड कारण मीठ कारखान्यातच पडलेलं असतं. आपल्याकडं उलट आहे, बहुतेक मीठ घरच्या चुलीवर पडतं, आणि पोट भरायचा मुख्य पदार्थ आळणी आहे. मला तर ही लई मोठी सोय वाटते. पोरं आता सकाळी पाव आणि टोस्ट खायला लागली ती गोष्ट वेगळी.

आता मिठानं बीपी वाढतं ते कसं. मिठात सोडियम साधारण चाळीस टक्के, बाकी क्लोराइड. म्हणजे ५ ग्रॅम मिठात २ ग्रॅम सोडियम. शरीर रक्तातल्या सोडियमचं प्रमाण फार हलू देत नाही, सोडियम वाढलं की तहान लागते, पाणी धरून ठेवलं जातं, रक्ताचं एकूण आकारमान वाढतं, आणि जास्तीचं सोडियम बाहेर काढायचं काम किडनीवर येतं. निरोगी तरुण किडनी हे काम पटकन करते, म्हणून वीस वर्षाच्या पोरानं हुरडा पार्टीत बोटं चाटून ठेचा खाल्ला तरी दुसऱ्या दिवशी मशीनवर काय दिसत नाही. पण वय वाढलं, शुगर आली, वजन वाढलं, किडनी थोडी थकली, किंवा जन्मतःच तसा पिंड असला, की तेवढंच मीठ बाहेर टाकायला किडनीला जास्त दाबाचं रक्त लागतं. ठिबकवाल्यांना हे लगेच कळेल, फिल्टरमध्ये गाळ बसला की तेवढंच पाणी पलीकडं ढकलायला मोटारीचं प्रेशर वाढवावं लागतं आणि काट्यावर ते दिसतं. आर्थर गायटन नावाचे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ होते त्यांनी आयुष्य घातलं हे किडनी आणि दाबाचं नातं उलगडण्यात. त्यात वर्षानुवर्षं जास्त दाब सोसून रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक होतात, मग दाब अजून वाढतो. म्हणून "मी जन्मभर खारट खाल्लं, मला तर काय झालं नाही" हे साठीच्या आत बोलू नये.

सगळ्यांचं बीपी मिठानं सारखंच वाढतं का, तर नाही. काहींचं लगेच वाढतं, काहींचं फारसं हलत नाही. तुम्ही कुठल्या गटात हे सांगणारी सोपी टेस्ट लॅबमध्ये मिळत नाही. वयस्कर, शुगरवाले, किडनीवाले आणि आधीच बीपी असलेले यांचं जास्त हलतं एवढं नक्की.

पुरावा किती पक्का आहे, असं एका सरांनी मला विचारलेलं, ते विज्ञान शिकवतात त्यामुळं त्यांना नुसतं डॉक्टर म्हणतात चालत नाही. तर १९०४ साली फ्रान्समध्ये अंबार आणि बोजार या दोघांनी मीठ आणि रक्तदाबाचा संबंध मांडला, तेव्हापासून भांडण चालू आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात केम्पनर नावाचे डॉक्टर वाढलेल्या बीपीच्या पेशंटला नुसता भात आणि फळं खायला घालायचे, जवळजवळ मीठच नाही, तेव्हा आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या, आणि बऱ्याच जणांचं बीपी उतरायचं, पण असलं जेवण महिनोन्महिने कोण खाणार. मग १९८८ मध्ये इंटरसॉल्ट हा मोठा अभ्यास आला, ३२ देशांतली ५२ ठिकाणं, दहा हजारांवर माणसं, आपल्याकडची दिल्ली आणि लडाख पण त्यात होती, चोवीस तासांची लघवी गोळा करून सोडियम मोजलं. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळपास खातच नाहीत, त्यांचं सरासरी बीपी ९६/६१ च्या आसपास, आणि मुख्य म्हणजे वय वाढलं म्हणून ते वाढत नाही. वय झालं की बीपी येणारच, असं आपण धरून चालतो ना, ते तिथं खरं ठरलं नाही. टीका करणारे म्हणाले यानोमामीसारखी चार ठिकाणं काढा, मग मीठ आणि बीपीचा सरळ संबंध फिका पडतो. ते पण खरंय. पण ती चार काढली तरी जिथं मीठ जास्त तिथं वयानुसार बीपी जास्त वेगानं चढतं हे राहतंच. अजून एक पार्टी आहे, प्युअर नावाच्या अभ्यासावाली, ते म्हणतात मीठ लईच कमी केलं तरी धोका वाढतो. त्यावर उलट आक्षेप असा की त्यांनी एका वेळच्या लघवीवरून दिवसाचा अंदाज बांधला आणि आजारी माणसं आधीच कमी खातात ते मिसळलं गेलं. हे भांडण मिटलेलं नाही, पण ते खालच्या टोकाचं भांडण आहे. तेरा ग्रॅमवाल्यानं त्यात शिरायचं कारण नाही.

मला सगळ्यात कामाचा वाटतो तो साधा आकडा. २०१३ मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून काढलेला, दिवसाला साधारण ४.४ ग्रॅम मीठ महिनाभर किंवा जास्त दिवस कमी केलं तर बीपी असलेल्या माणसाचा वरचा आकडा सरासरी ५.४ नं उतरतो, आणि बीपी नसलेल्याचा २.४ नं. एका गोळीनं साधारण आठ-नऊ उतरतो. म्हणजे मीठ ही अर्ध्या गोळीच्या वरची ताकद झाली, फुकटात, पण १७० ला गेलेला माणूस नुसतं मीठ कमी करून १३० ला येणार नाही. हे दोन्ही लक्षात ठेवा, कारण मीठ सोडलं म्हणून गोळी पण सोडली असे महाभाग दर महिन्याला एखादा भेटतोच, आणि गोळी चालू आहे म्हणून लोणचं चालतंय म्हणणारे तर रोज.

आता समजुती. एक नंबर, भाजलेलं मीठ चालतं. तव्यावर मीठ परतून डबीत भरून ठेवणाऱ्या आज्या अजून आहेत, कच्चं मीठ वाईट आणि शिजलेलं किंवा भाजलेलं चांगलं असं कुठून आलं काय की. मीठ वितळायलाच ८०१ डिग्री लागतात, गॅसवरच्या तव्यानं त्यातली ओल जाते फक्त, सोडियम कुठं जाणार? ते जसंच्या तसं. दोन नंबर, सैंधव. हे लई वाढलंय, उपवासाचं शेंदेलोण आता रोजच्या भाजीत गेलंय, गुलाबी रंगाचं महागाचं पाकीट, आणि सांगताना अभिमानानं सांगतात, आम्ही साधं मीठ बंदच केलंय. सैंधव हे पण मुख्यतः सोडियम क्लोराइडच, बाकीची खनिजं असतात ती चिमटीभर सुद्धा नाहीत, बीपीच्या हिशोबात ते मीठच धरायचं. उलट साध्या मिठात आयोडीन घातलेलं असतं ते यात बहुतेक वेळा नसतं, घरात गरोदर सून असली तर हा विचार जास्त करायला पाहिजे. काळ्या मिठाचं पण तेच. जाड्या मिठाबद्दल एवढंच की चमच्यात ते कमी बसतं कारण मधे पोकळ जागा राहते, वजनाला वजन ते पण सारखंच.

उन्हाळ्याचं मात्र मी हसण्यावारी नेत नाही. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, सालगडी, रोजगार हमीवरचे मजूर, विटभट्टीवाले दिवसभर घाम गाळतात आणि घामात सोडियम जातंच. त्यांना ५ ग्रॅमचं पुस्तक दाखवून उपयोग नाही, त्यांच्या ताकात मीठ असू द्या. पण ही सवलत पंख्याखाली बसणारे जास्त घेतात. दुकानात उन्हाळाभर ओआरएसची पाकिटं जातात, जुलाब उलट्यांसाठी कमी आणि ऊन लागू नये म्हणून जास्त, घरात बसलेले आजोबा दिवसभरात एक लिटर संपवतात. त्या एका लिटरमध्ये १.७ ग्रॅम सोडियम असतं, म्हणजे चार ग्रॅमच्या वर मीठ झालं, जुलाबात तेच जीव वाचवतं, पण बीपीच्या माणसानं नुसतं तहान लागली म्हणून ते पिऊ नये. साधं पाणी प्या की.

याच्या उलटी भीती पण आहे. "आमच्या आबांचं सोडियम कमी झालं, बडबडायला लागले, लातूरला ॲडमिट करावं लागलं, तेव्हापासून आम्ही मीठ वाढवलंय." अशी घरं बरीच आहेत आणि त्यांना दोष देता येत नाही, माणूस डोळ्यासमोर भ्रमिष्ट झालेला बघितलाय त्यांनी. पण म्हाताऱ्या माणसाचं रक्तातलं सोडियम उतरतं ते बहुतेक वेळा मीठ कमी खाल्लं म्हणून नाही, तर शरीरात पाण्याचं प्रमाण बिघडतं म्हणून, आणि त्यामागं पुष्कळदा लघवी वाढवणारी गोळी असते. बीपीच्या गोळीच्या नावापुढं एच किंवा सीटी लागलेलं असतं ना, ती बहुतेक वेळा हीच. उन्हाळा, खाणं कमी, जुलाब, त्यात ती गोळी, असं जुळून आलं की सोडियम घसरतं. त्यावर उपाय डॉक्टरांकडून गोळी तपासून घेणं हा आहे, सगळ्या घराचं वरण खारट करणं नाही, आणि एकदा ॲडमिट झालेल्या माणसाचं मीठ-पाणी त्यांच्याच सल्ल्यानं ठरवा, माझ्या ब्लॉगवरून नको.

बरं कमी कसं करायचं. माझं मत असं की पेशंटसाठी वेगळं आळणी शिजवणं हा प्रकार टिकत नाही. आठ दिवस होतं, मग शिजवणारीला कंटाळा येतो आणि खाणाऱ्याला आपण आजारी आहोत असं वाटायला लागतं, शेजारच्या ताटातला ठेचा हळूच आपल्या ताटात येतो. सगळ्या घराचं थोडं थोडं कमी करा, कुणालाच न सांगता. इंग्लंडमध्ये सरकारनं कंपन्यांच्या मागं लागून ब्रेड आणि बाकीच्या पाकिटातलं मीठ हळूहळू उतरवत नेलं, २००१ च्या सुमाराला माणशी ९.५ ग्रॅम होतं ते २०११ ला ८.१ वर आलं, लोकांच्या जिभेला पत्ता लागला नाही. जीभ काही आठवड्यांत जुळवून घेते, उलट मग हॉटेलातली शेवभाजी खारट लागायला लागते. आपल्याकडं कंपनी म्हणजे मामीच. मामींनी मुठीऐवजी चमचा धरला, आणि दर पंधरा दिवसाला चमच्यातून थोडं थोडं काढलं, तर काम झालं. आंबट वाढवा, चिंच, लिंबू, कैरी, आंबट ताक, आंबटानं मिठाची उणीव झाकली जाते. वेळ अमावस्येची भज्जी आणि आंबील आठवा, त्या भज्जीला चव येते ती शेतातल्या सगळ्या ताज्या शेंगा, भाज्या, चिंच आणि लसणानं, तिच्यात मीठ बेतानंच लागतं. जवसाची, कारळाची चटणी करताना तिळाचं प्रमाण वाढवलं तरी चालतं. ठेच्यात शेंगदाणे जास्त आणि मीठ अर्धं, आमच्या घरी आता तसाच होतो, पहिले काही दिवस कुरकुर झाली आणि नंतर बंद झाली. लोणचं बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही, सांगून ऐकणार नाहीत, फोड घ्या आणि खार सोडा एवढं ऐकतात.

पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचनं गुणा की मीठ आलं. ८०० मिलिग्रॅम लिहिलं असलं तर २ ग्रॅम मीठ. आणि ते १०० ग्रॅमला लिहिलंय का एका वेळच्या खाण्याला हे आधी बघा, तिथंच फसगत होते. ॲसिडिटीच्या फसफसणाऱ्या पुड्या रोज रात्री घेणारे लोक आहेत, त्यातला मुख्य माल सोडाच असतो, तो पण धरा हिशोबात. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक वगैरे, ह्या किडनीला सोडियम धरून ठेवायला लावतात आणि बीपीच्या गोळीचं काम पण कमी करतात, त्या रोजच्या रोज मागणाऱ्यांना मी डॉक्टरांची चिठ्ठी मागतो म्हणून काहीजण माझ्यावर नाराज असतात. असूद्या.

शेवटचं ते कमी सोडियमचं मीठ. यात थोडं सोडियम क्लोराइड काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घालतात. चीनमध्ये ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर मोठा प्रयोग झाला, सगळे एकतर आधी लकवा होऊन गेलेले किंवा साठीच्या पुढचे बीपीवाले, निम्म्या गावांना तीन भाग साधं आणि एक भाग पोटॅशियमवालं मीठ दिलं, बाकीच्यांना नेहमीचं. पाचेक वर्षं चाललं, २०२१ मध्ये निकाल आला, लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी, मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. आपल्यासारखीच खेडी, आपल्यासारखंच घरी शिजवणारी, म्हणून मला हा प्रयोग अमेरिकेतल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा जवळचा वाटतो. २०२५ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं पण घरच्या स्वयंपाकात असं मीठ वापरायचा सल्ला दिला, पण अटी घालून, किडनीचा आजार असलेले, गरोदर बाया आणि लहान मुलं यांच्यासाठी नाही. कारण खराब किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही, ते रक्तात वाढलं तर हृदयाचा ठोका बिघडतो. आणि टेल्मीसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या पोटॅशियम धरून ठेवतात, आणि आपल्याकडं बीपीच्या निम्म्या चिठ्ठ्यांवर टेल्मीसार्टन असतंच.

त्यामुळं दुकानात ते मीठ मी ठेवतो, पण समोर मांडून ठेवत नाही, मागच्या कपाटात. कुणी मागितलं की आधी दोन गोष्टी विचारतो, कुठली गोळी चालू आहे आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचा, रिपोर्ट शेवटचा कधी काढला. रिपोर्ट जुना असला तर आधी काढून या म्हणतो, डॉक्टरांनी हो म्हणलं की नेतात. तोवर साध्या पुड्यावर पेननं आजची तारीख टाका आणि ४० दिवस जातो का बघा.